दीड सूर खाली

काट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून काट्या. त्याच्या बापाचाही धंदा हाच. बापाला लोक काटेवाले म्हणायचे आणि याला काट्या, एवढाच दोन पिढ्यांतला फरक. दुकान म्हणजे आठ फुटांची खोली. भिंतीला पारडी टांगलेली, फळीवर पितळी वजनं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं उभी, आणि मधोमध एक जड टेबल. टेबलाच्या पायांखाली जाड रबर ठोकलेलं, कारण रस्त्यानं ट्रक गेला तरी वरचा काटा थरथरता कामा नये. भाजीवाले, सोनार, टपाल कचेरी, दवाखाना, साऱ्यांचे काटे त्याच्या हाताखालून जायचे. एखादा दुकानदार डोळा मारून म्हणायचा, "जरा पन्नास ग्रॅम माझ्याकडे झुकू दे की गड्या." काट्या काटा उचलून त्याच्या हातात परत द्यायचा. "मापात पाप करायचं तर घरी जाऊन करा. माझ्या टेबलावर नाही."

असा हा माणूस. आणि यानंच सात वर्षं जिवाभावाच्या मित्राला खोटं माप दिलं.

दर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला काट्या शटर ओढायचा, खांद्याला बेस गिटार अडकवायचा आणि पत्र्याच्या गॅरेजची वाट धरायचा. पत्र्या म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा. चेपलेलं दार त्याच्याकडे न्यावं, आतून एक हात लावून बाहेरून असा हलका हातोडा चालवायचा की पत्रा आपणहून सरळ झाला असं वाटावं. गुरुवारी गॅरेज बंद. मधली गाडी ढकलून बाहेर काढली की चौघांपुरती जागा व्हायची. ड्रमवर पत्र्या, बेसवर काट्या, गिटारवर चष्म्या, ज्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि गायला मास्तर. मास्तर शाळेतला नव्हे, गाडी चालवायला शिकवणारा. चौघं एका शाळेतले, एकाच वर्षी नापास झालेले, आणि त्या रिकाम्या वर्षात त्यांनी बँड काढला. नाव ठेवलं वादळ. त्या वयात असलीच नावं सुचतात. चाळिशी गाठली तेव्हा पत्र्याची बायको म्हणायची, "वादळ कसलं मेलं, झुळूक म्हणा झुळूक."

पण झुळूक का होईना, वाहत होती. एके काळी हजार-हजार माणसं उभी राहून ऐकायची, एक कॅसेटही निघाली होती. आता कारखान्याचा वर्धापनदिन, एखाद्या शोरूमचं उद्घाटन, जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, असलं काहीतरी. लोकांना एकच गाणं हवं असायचं, टाकीचं. एक माणूस घरच्यांशी भांडून पाण्याच्या टाकीवर चढून बसतो, खालून सारी गल्ली हाका मारते आणि तो वरून म्हणतो, उतरणार नाही. शेवटचा "नाही" मास्तर असा वर न्यायचा की बाकी सगळी वाद्यं थांबायची, खाली नुसता पत्र्याच्या पायाचा ठोका. आठ ठोके तो "नाही" हवेत उभा राहायचा. त्या आठ ठोक्यांसाठी काट्या आठवडाभर पारडी घासायचा, असं म्हटलं तरी चालेल.

सूर लावायचं काम काट्याचं. त्याच्याकडे दोन दांड्यांचा एक पोलादी चिमटा होता, गुडघ्यावर आपटला की एकच सूर देणारा. तो कानाशी धरून काट्या आपल्या तारा लावायचा आणि चष्म्या त्याच्यावरून आपल्या. कुणी कधी तपासून पाहिलं नाही. काट्यानं लावलं म्हणजे लागलं. मास्तर तर वाद्याला हात लावायचा नाही. "मी घशानं खातो," म्हणायचा.

पण खायचाही घशानं आणि भांडायचाही घशानंच. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो ब्रेक म्हणतोय मी, ब्रेक!" असा कंठशोष. एके गुरुवारी तालमीत शेवटचा "नाही" फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मास्तर बाहेर गेला आणि एका आडव्या टायरवर भिंतीकडे तोंड करून बसला. दहा मिनिटं बसला असेल. आत येऊन म्हणाला, "कारखान्याच्या कार्यक्रमात टाकी नको. दुसरं काहीतरी घेऊ."

बावीस वर्षांत त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. टाकी नको म्हणजे मग काय राहिलं? काट्याला एकदम गॅरेज ओकंबोकं दिसायला लागलं, जणू ती बाहेर ढकललेली गाडी कुणीतरी आताच आत आणून लावणार होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मास्तर यायच्या आधी काट्या चष्म्याला म्हणाला, "अर्धा सूर उतरव."

"त्याला सांगायचं?"

"आजच्यापुरतं आहे. उगाच कशाला जिवाला लावून घेईल."

पत्र्या मागं बसून खुर्ची वरखाली करत होता. "अरे, गाणं म्हणतंय उतरणार नाही, आणि तुम्ही त्याला उतरवताय होय?" तिघंही हसले. काट्या ऐन वेळी मास्तरला म्हणाला, "टाकी घेऊन तर बघ," आणि मास्तरनं घेतली. त्या दिवशी "नाही" असा लागला की कारखान्याचे साहेब लोकसुद्धा खुर्च्यांवर उभे राहिले. खाली उतरल्यावर मास्तरनं काट्याला उचललंच. "बघितलंस? घसा बसला होता लेका, आवाज नव्हे! आवाज आहे तिथंच आहे!"

पुढच्या गुरुवारी काट्यानं चिमटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, ऐकला आणि तारा होत्या तिथंच ठेवल्या.

दोन वर्षांनी आणखी अर्धा सूर. तारा आता इतक्या सैल झाल्या की वाजवताना खरखरायच्या. काट्यानं आणि चष्म्यानं जाड तारा आणून बसवल्या. मास्तरनं एकदा विचारलं, "दोरखंड लावलंयस काय हे?" काट्या म्हणाला, "बोटांचं वय झालं. जाड तार बरी पडते." मास्तर खूष. "वय तुमचं झालं. मला नका ओढू त्यात." आणि खरंच, तो जास्तच ताठ चालायला लागला. लोकांना सांगायचा, विशीत ज्या पट्टीत गायलो त्याच पट्टीत आजही गातो. काट्याला वाटायचं, काय बिघडलं? कुणाचं काय गेलं?

मग मास्तरच्या बायकोनं माळा झाडला आणि जुनी कॅसेट सापडली.

"काट्या," मास्तर तालमीला आल्या आल्या म्हणाला, "कॅसेटमध्ये मी चढा वाटतोय रे. आपण आत्ता गातो त्याच्याहून चढा."

चष्म्या चष्मा पुसायला लागला. काट्यानं विचारलं, "कुठल्या यंत्रावर ऐकलीस?"

"घरातल्याच. जुन्या."

"मग पळत असेल ते. जुन्या यंत्रांची मोटर पळते. आण इकडे, बघतो."

दुसऱ्या दिवशी यंत्र दुकानात आलं. त्या यंत्राच्या मोटरीला बुडाशी एक बारीक भोक असतं आणि आत एक स्क्रू. तो इकडे फिरवला की मोटर जोरात, तिकडे फिरवला की हळू. मोटर ठणठणीत होती. काट्यानं शटर अर्धं खाली घेतलं, बेस मांडीवर घेतला, कॅसेट लावली आणि कॅसेटमधलं गाणं आपल्या उतरलेल्या तारांशी जुळेपर्यंत स्क्रू फिरवत राहिला. ज्या टेबलावर बापानं चाळीस वर्षं वजनं खरी केली, त्याच टेबलावर हे झालं. काम रोजच्यासारखंच नेमकं झालं, त्याचंच त्याला नंतर नवल वाटायचं.

आता मोटर हळू केली की नुसता सूर उतरत नाही, गाण्याची चालही मंदावते. हे काट्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. त्यानं ते दारातूनच परत पाठवलं.

पुढच्या गुरुवारी गाणं सुरू होऊन चार ओळी झाल्या नाहीत तोच मास्तरनं हात वर केला. "थांबा, थांबा. पत्र्या, पळतोयस तू."

"मी?" पत्र्या हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

"कॅसेट ऐक जाऊन. काय रुबाबात चालायचो आपण, हत्तीसारखे! आणि आता बकऱ्या हाकल्यासारखं वाजवतोयस."

"तुझा बाप हाकतो बकऱ्या."

"यंत्र आणलंय मी. ऐक तूच."

पत्र्यानं ऐकलं. हातोड्याची सवय असलेला माणूस तो, त्याच्या अंगात लय होती. शाळेत नापास, घरात कर्जबाजारी भाऊ, हाताला पत्र्याच्या जखमा, पण आपली लय हलत नाही ही एक गोष्ट त्याची होती. कॅसेट संपेपर्यंत तो मान खाली घालून बोटानं मांडीवर ठोके धरत राहिला. मग म्हणाला, "च्यायला. खरंच की."

काट्या तिथंच उभा होता, तीन हातांवर. बेसची खुंटी पिळत होता, जी पिळायची काही गरज नव्हती.

पत्र्यानं मनावर घेतलं. संथ वाजवायला गेला तर गाणं चिखलात रुतल्यासारखं व्हायचं. मग मास्तर ओरडायचा, झोपलास काय. मग तो दचकून पुढे यायचा. मास्तर पुन्हा ओरडायचा. समोरच्या स्टुलावर त्यानं मनगटी घड्याळ काढून ठेवायला सुरुवात केली, सेकंदाच्या काट्याकडे बघत वाजवायचा. हसणं बंद झालं. एके दिवशी बाकीचे दोघं गेल्यावर त्यानं काट्याला थांबवलं.

"तू खरं सांग. पंचवीस वर्षं माझ्या शेजारी उभा आहेस. मी पळतो का रे?"

बाहेर अजून ऊन होतं. एक बाई गॅरेजच्या दाराशी येऊन, बंद आहे वाटतं, असं स्वतःशीच म्हणून गेली. काट्याला त्या क्षणी दोन गोष्टी दिसल्या. खरं सांगितलं तर मास्तर पुन्हा त्या टायरवर जाऊन बसेल आणि यावेळी आत येणार नाही. नाही सांगितलं तर पत्र्या आणखी थोडा कष्टी होईल, पण येत राहील. पत्र्या काय, पत्र्या लोखंडाचा.

"थोडं," काट्या म्हणाला. "कधी कधी."

पत्र्यानं मान हलवली. रागावला नाही. "बरं झालं सांगितलंस. दुसरं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं."

त्यानंतर तीन गुरुवार तो आला. चौथ्या गुरुवारी चौघं जमले तेव्हा ड्रम पोत्यांत बांधून कोपऱ्यात ठेवलेले होते. "खांदा दुखतोय," पत्र्या म्हणाला. "डॉक्टरनं नको म्हटलंय." कुठल्या डॉक्टरनं, ते कुणी विचारलं नाही. मास्तर म्हणाला, "आराम कर काही दिवस," आणि सगळ्यांना कळलं की काही दिवस म्हणजे किती.

ड्रम गेले, गॅरेजही गेलं. उरलेले तिघं चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसायला लागले. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, वर ढोबळ अक्षर आणि खाली मुंगीएवढं. गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून आवाज बारीक. त्याच वर्षी काट्यानं आणखी अर्धा सूर उतरवला, आणि साफ करून देतो म्हणून मास्तरचं यंत्र आणून स्क्रूही तेवढाच फिरवला. मास्तरला आता सगळं बरोबर वाटायचं, घरचं यंत्रही आणि स्वतःचा गळाही.

काट्याला मात्र पायाखालचं काहीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. गॅरेजमध्ये पत्र्याच्या पायाचा ठोका त्याला कानानं ऐकावा लागायचा नाही, जमिनीतून तळव्यात यायचा. तो आला की बोटं आपोआप पडायची. इथं फरशीतून काही येत नव्हतं. शेवटच्या "नाही"ला ते तिघं मनात आठ मोजायचे, आणि तिघांचे आठ तीन तऱ्हेचे. बेसचा पट्टा खांद्याला लावून तो मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायचा, गॅरेजवरून. पत्र्या आता गुरुवारीही गॅरेज उघडं ठेवायचा. आतून हातोडा ऐकू यायचा. ठक, ठक, ठक, ठक. काट्या कोपऱ्यावर उभा राहून ऐकायचा. एक ठोका पुढं नाही, एक मागं नाही. सराफाच्या काट्यालासुद्धा एवढं नेमकं राहता येत नाही.

मास्तरकडे त्या दिवसांत एक पियानो शिकवणाऱ्या बाई गाडी शिकत होत्या. पुढं उत्तम चालवायच्या, मागं घ्यायचं म्हटलं की डोळे मिटायच्या. बोलता बोलता निघालं की कॉलेजात असताना टाकीचं गाणं त्यांनी दोनदा समोर उभं राहून ऐकलं होतं, कॅसेटही होती. "माझ्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात म्हणाल का? साथीला मी पियानो घेते." मास्तर ताठ मानेनं आला आणि दोघांना म्हणाला, "रविवारी त्यांच्या घरी तालीम आहे. तुम्ही कार्यक्रमालाच या. नव्या पिढीला कळू दे, आवाज कशाला म्हणतात ते."

पियानोच्या तारा डोळा मारून उतरत नाहीत. हे काट्याला कळत होतं. गुरुवार ते रविवार, तीन दिवस त्याच्या हातात होते. शुक्रवारी तो मास्तरच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला. शनिवारी दारापर्यंत गेला. मास्तरनंच दार उघडलं. "काय रे?"

"काही नाही. घसा सांभाळ म्हटलं. गार पिऊ नको."

"एवढं सांगायला आलास? बायको कमी आहे का घरात?"

सोमवारी सकाळी मास्तर दुकानात आला. काखेत कॅसेटचं यंत्र. ते त्यानं टेबलावर ठेवलं, रबरी पायांच्या त्या टेबलावर.

"हे पळतं का बघ."

"मास्तर..."

"बघ की. तुझं कामच आहे ते."

काट्यानं यंत्राला हात लावला नाही. "पळत नाही. हळू चालतं."

"कुणी केलं?"

"मी."

तेवढ्यात एक भाजीवाली मावशी आली. "झाला का माझा काटा?" काट्यानं काढून दिला. "बरोबर दाखवतो ना आता? मागं लोकांनी लई बोल लावले मला." "दाखवतो." "तुमच्यावर भरवसा हो, म्हणून लांबून येते," म्हणत ती गेली. दोघंही ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिले.

"बाईंनी तीनदा वाजवलं," मास्तर म्हणाला. "तीनदा फाटला. मग त्या म्हणाल्या, तुम्ही हल्ली दीड सूर खाली गाता, त्यात काय एवढं, मी खाली वाजवते. इतक्या सहज म्हणाल्या रे. जसं काही बूट बदला म्हणावं. मग त्यांची कॅसेट त्यांच्या यंत्रावर लावली." त्यानं यंत्र थोडं काट्याकडे सरकवलं. "आवाजाचं सोड. आपलाच आवाज आपल्याला कळू नये, तर माझ्याएवढा गाढव मीच. पण पत्र्या? मी त्याला बकऱ्या हाकतोस म्हणालो. दोन वर्षं झाली, तो माणूस हातोडा घेऊन एकटा बसलाय. आणि तू तिथं उभा राहून खुंटी पिळत होतास."

"तुझ्यासाठी केलं मी."

"माझ्यासाठी नव्हे. तुला गुरुवार हवा होता. माझं नाव लावू नको त्याला."

यंत्र तिथंच टाकून तो गेला. संध्याकाळी चष्म्याचा फोन आला. "मास्तरनं माईक पाठवून दिला माझ्याकडे, वायर नीट गुंडाळून. संपलं वाटतं रे." कुठं भांडण नाही, निरोपाचा कार्यक्रम नाही. एकोणतीस वर्षांचं वादळ एका गुंडाळलेल्या वायरीत संपलं.

शनिवारी सकाळी काट्या पत्र्याकडे गेला. पत्र्या एका दाराचा पोचा काढत होता, त्यानं हात थांबवला नाही.

"मास्तर येऊन गेला सोमवारीच. रडला इथं बसून. तू रडू नको, मला हे दार संध्याकाळी द्यायचंय."

"पत्र्या, माझं चुकलं."

"ते आहेच." ठक, ठक. "चार महिने मी घड्याळ लावून जेवलो, माहीत आहे? घास मोजत. बायको म्हणाली, डोक्याच्या डॉक्टरकडे चला. मला वाटलं बापाला झालं तसं मलाही होतंय, हातपाय कापायचं. रात्री काय काय यायचं मनात."

"ड्रम कुठं आहेत?"

"शाळेला दिले. पोरं बडवतात. बरं बडवतात."

"दुसरे आणू. आता तर कळलंय तुला, तू पळत नव्हतास."

पत्र्यानं पहिल्यांदा हातोडा खाली ठेवला. "मला कळलंय. पायाला कळत नाही. परवा बसून बघितलं शाळेत, पोरं नसताना. पाय उचलला की तुझं ते ऐकू येतं, थोडं, कधी कधी. मास्तर बोलला ते मी कधीच विसरलो बघ. त्याचं तोंडच फाटकं. पण तुझा शब्द म्हणजे माप होतं माझ्या लेखी." त्यानं हातोडा उचलला. "जा. आणि दार ओढून घे, धूळ येते."

मग गुरुवार यायला लागले, एकामागून एक. काट्या सवयीनं पाचला शटर ओढायचा आणि घरी जायचा. बायको म्हणायची, "अहो, इतकी वर्षं गुरुवारी नवरा नसायचा तेच बरं होतं. पायांत पायांत येता." तो बेस घेऊन बसायचा. ती आतून ओरडायची, "शेजारी विचारतात, तुमचं काय दुखतंय का." तिचंही खरं. बेस एकट्यानं वाजवणं म्हणजे नुसता पाया खणून त्यात राहायला जाणं. चष्म्यासोबत दोनदा बसून पाहिलं. दोघंही वाजवता वाजवता दाराकडे बघत होते. दुसऱ्या वेळी चष्म्या म्हणाला, "राहू दे," आणि चहा मागवला.

वर्ष गेलं, वर चार महिने. टाकीचं गाणं काट्याला आठवायचं नाही, आठवायचं ते गाणं सुरू व्हायच्या आधीचं. पत्र्या दांड्या उचलायचा, मास्तर छाती भरून घ्यायचा, चष्म्या पायानं वायर सरकवायचा, आणि अजून कुणी काही वाजवलेलं नसायचं. एवढंच. चार माणसं एका श्वासावर थांबलेली. दुकानात काटा स्थिर होण्याआधी क्षणभर पारडी अशी थांबतात, तेव्हा त्याला ते हमखास आठवायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, झालं ना? कुठं बघताय?"

शेवटी एका सकाळी तो मास्तरच्या मैदानावर गेला. मास्तर शिकाऊ गाडीत डावीकडे बसलेला, स्टिअरिंगवर पन्नाशीचा एक शिंपी, हातरुमालानं तळवे पुसत. काट्या मास्तरच्या खिडकीशी उभा राहिला.

"काय?" मास्तर म्हणाला.

"एक बोलायचंय."

"तास चालू आहे माझा. चला हो, क्लच सोडा. हळू. हळू!"

गाडीनं हिसका दिला आणि निघाली. शिकाऊ माणसाची गाडी ती, माणसाच्या पावलानं चालली. काट्या बाजूनं चालायला लागला.

"खाली गाऊ," तो म्हणाला. "उघड. लोकांना सांगून. दोन सूर उतरव म्हणालास तर दोन उतरवू. चष्म्या तयार आहे. पत्र्याला मी जाऊन..."

"पत्र्या येणार नाही."

"तू म्हणालास तर येईल."

"म्हणालो मी. तीनदा म्हणालो." मास्तर समोर बघत होता. "डावीकडे दाबा, शिंपीदादा, तो खांब बघा."

"मग आपण तिघं."

पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत होतं. काट्याला दम लागत होता, पण खिडकीच्या काठावरचा हात त्यानं काढला नाही, आणि मास्तरनंही काच वर घेतली नाही.

"त्या दिवशी," मास्तर म्हणाला, "टायरवर बसलो होतो तेव्हा. तू नुसतं बाहेर येऊन म्हणाला असतास ना, मास्तर, अर्धा उतरवू का, तर मी म्हणालो असतो, उतरव. खरं सांगतो. एका मिनिटात म्हणालो असतो."

काट्याला हे खरं वाटलं नाही. मास्तर त्या दिवशी असं म्हणणारा माणूस नव्हता, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर त्यालाच. आणि खरं असेल तर काय, हा विचार त्याच क्षणी त्याला चिकटला, तो कायमचा.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतं."

"सर," शिंपी म्हणाला, "दुसरा टाकू का? इंजिन ओरडतंय."

"थांबा," मास्तर म्हणाला. मैदानाची अख्खी एक बाजू गाडी तशीच ओरडत गेली. वळण आलं, शिंप्यानं कसंबसं ते घेतलं, काट्याही खिडकीबरोबर वळला.

"सर, अहो, टाकू का?"

मास्तरनं खिडकीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. बेस वाजवून वाजवून बोटांची टोकं अजून निबर होती.

"टाका," तो म्हणाला.

शिंप्यानं क्लच दाबला, खडखडाट करत गिअर बसला. काट्या चार पावलं पळाला. मग त्यानं हात सोडला.